गृहभेट

पहिला चहा पोटात गेल्याशिवाय फोन घ्यायचा नाही, हा त्याचा जुना नियम. त्या दिवशी चुकून घेतला. “सर, मी. चष्म्याच्या दुकानातली,” पलीकडून आवाज आला. गिऱ्हाइकांची नावं तो लक्षात ठेवत नसे. या धंद्यात ती ठेवूही नयेत. विषय लक्षात राहायचा, आणि माणूस पोटासाठी काय करतो ते. ही चष्मेवाली दिवसभर दुकानात उभी राहून लोकांच्या नाकांवर चष्म्याच्या फ्रेमा चढवून बघायची आणि संध्याकाळी समाजकार्याच्या पदवीच्या वर्गांना जायची. वर्गात बसायची ती; निबंध, प्रकल्प, अहवाल लिहायचा तो. “सर, शेवटचा अहवाल मॅडमना फार आवडला,” ती म्हणाली.

दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याला ‘आवडला’ हा शब्द परवडत नाही. ‘ठीक आहे’ परवडतं. ‘अजून वाचन हवं’ असा लाल शाईतला शेरा तर फारच उत्तम, कारण असा शेरा मिळालेल्या निबंधाकडे पुन्हा कोणी ढुंकूनही बघत नाही. त्याची सगळी हुशारी बेताचं लिहिण्यात होती. पोरं पहिल्यांदा यायची तेव्हा तो त्यांना समोर बसवून म्हणायचा, बोला. कशावरही बोला, बसवर बोला, आईवर बोला. मग त्यांची वाक्यं कुठे अडतात, कुठला शब्द सारखा तोंडात येतो, माहिती संपली की आवाज कसा वर चढतो, ते तो डोळे मिटून ऐकायचा, आणि शिंप्याने माप घेऊन कपडा बेतावा तसा प्रत्येकाचा निबंध बेतायचा. साठ गुणांच्या माणसाला साठाचाच. पानामागे एखादी चूक, सहज झाल्यासारखी. तोंडी परीक्षेआधी पोरं तयारीला यायची तेव्हाही तो हेच घोकून घ्यायचा. “सगळंच नीट सांगितलं की समोरच्याला वास येतो. मधेच एकदा अडखळा. स्वतःकडे थोडा कमीपणा घ्या. खरं बोलणारा माणूस इतका गुळगुळीत बोलत नाही.” इतक्या वर्षांत त्याचा एकही निबंध पकडला गेला नव्हता, आणि एकाही निबंधाचं कौतुक झालं नव्हतं. या दोन्ही गोष्टींचा त्याला सारखाच अभिमान होता.

“आवडला म्हणजे काय?” त्याने विचारलं.

“म्हणजे मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, सर. संशय वगैरे काही नाही. त्यांना वाईट वाटलंय. म्हणाल्या, त्या आजींना मला भेटायचंय. आज दुपारी.”

“सांग, त्या गेल्या. परवाच वारल्या म्हणावं.” हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या तयारीने बाहेर पडलं की तो स्वतःच दचकला.

“मी पत्ता देऊन बसले, सर,” ती म्हणाली.

“कुणाचा?”

“तुमचा. त्या एकदम म्हणाल्या, कुठे राहतात? माझी पाचावर धारण बसली. मला दुसरी कुठली आजी माहीतच नाही.” आणि तो काही बोलायच्या आत, जरा खालच्या आवाजात, “आणि अहवालातल्या आजी त्याच आहेत ना, सर? तुमच्या पलीकडच्या खोलीतल्या? मला पहिल्या पानावरच कळलं.”

त्याने फोन ठेवला आणि पहिल्यांदा बघितलं ते प्लायवूडच्या भिंतीकडे. मुळात ती एकच मोठी खोली. मधोमध प्लायवूड ठोकून तिच्या दोन केल्या होत्या. खिडकी त्याच्या वाट्याला आली होती आणि संडास-न्हाणीघराकडचं दार आत्याच्या वाट्याला, म्हणजे तिला कमी चालावं लागेल. म्हणजे सोय तिचीच बघितली होती, असं तो स्वतःला सांगायचा. भिंत छतापर्यंत गेली नव्हती. वर हातभर फट होती. त्या फटीतून तिच्याकडे थोडा उजेड जायचा आणि सगळे आवाज जायचे. तो काय बोलतो हे आत्या ऐकत असेल का, हा प्रश्न त्याने इतक्या वर्षांत मनाशीसुद्धा नीट विचारला नव्हता. म्हातारं माणूस, ऐकायला कमी येत असेल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. ठरवण्याइतकं सोपं दुसरं काय असतं? डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईचा चेहरा त्याला फोटोतूनच माहीत. वडिलांची नोकरी फिरतीची, तेव्हा त्यांनी त्याला बहिणीच्या पदरात घातलं आणि पुढे स्वतःही हळूहळू पोस्टकार्डांपुरते उरले. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एका लांबट हॉलमध्ये बायकांची रांग, प्रत्येकीच्या कानांवर ते जड यंत्र, समोर भोकाभोकांची फळी, आणि सगळ्याजणी एकाच वेळी हळू बोलताहेत, एखाद्या मोठ्या घरात दुसऱ्या खोलीत माणसं असावीत तसा आवाज. त्याला शाळा नसली की ती त्याला तिथे न्यायची. मागच्या बाकावर तो गृहपाठ करायचा आणि तिच्या पाठीकडे बघत राहायचा. जोडून दिलेल्या माणसांचं बोलणं ऐकायचं नाही असा तिथला कडक नियम होता, आणि नियम कडक होता म्हणजे सगळ्या ऐकत होत्या. घरी येताना ती त्याला बोट धरून चालवायची आणि म्हणायची, “कानावर पडलं ते कानातच ठेवायचं. बाहेर काढलं की आपण चोर.” पण कधी लहर आली तर नावं न घेता सांगायचीही. एक बाई रोज एका माणसाला फोन करून फक्त हवामान विचारायची. एक माणूस चुकीचा नंबर मागायचा, लागला की माफी मागायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच चुकीचा नंबर पुन्हा मागायचा. का गं, असं त्याने विचारलं होतं. “कुणीतरी हॅलो म्हणावं म्हणून,” ती म्हणाली होती, आणि रस्ता ओलांडताना त्याचं बोट घट्ट धरलं होतं. तो त्या वेळी हसला होता. पोरवयात असल्या गोष्टी विनोदी वाटतात.

पुढे त्याने शिकायचं तेवढं शिकून घेतलं, तासांवर पैसे मिळणारी मास्तरकी बरीच वर्षं केली, आणि एका उन्हाळ्यात कॉलेजने त्याला पुन्हा बोलावलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलावलं नाही. एक जुना विद्यार्थी निबंध घेऊन आला, सर, फक्त नजर टाका. नजर टाकली, मग दोन वाक्यं दुरुस्त केली, मग पान. बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात. इथे मनगट त्याने स्वतःच पुढे केलं होतं. आत्याने तेव्हा विचारलं होतं, “घरबसल्या काय काम करतोस रे?” तो म्हणाला, “पोरांना शिकवतो.” ती बरं म्हणाली. प्लायवूडच्या पलीकडे बसून तिने हे शिकवणं पुढे रोज ऐकलं असेल, हे आज, हातातला चहा निवल्यावर, त्याच्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं.

आणि तो अहवाल. चष्मेवालीला हवा होता एका एकाकी वृद्ध व्यक्तीला दिलेल्या पाच गृहभेटींचा वृत्तांत. अशा भेटींसाठी वेळ कुठून आणणार? दुकान सोडलं तर पगार कापतात. त्याने तिला सांगितलं, काळजी करू नकोस, आजी मी देतो. ते त्याच्या डाव्या हाताचं काम होतं. समाजकार्यात ज्याला मदत करायची त्या माणसाला ‘सेवार्थी’ म्हणतात, त्याची समस्या लिहायची, कारणं लिहायची, आपण काय केलं ते लिहायचं आणि शेवटी थोडी सुधारणा दाखवायची, फार नाही. तो लिहायला बसला आणि काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला म्हणून की काय, पलीकडून आवाज आला, “किती वाजले रे?” त्याने न उठता वेळ सांगितली. मग हात थांबला. आत्याच्या खोलीत घड्याळ होतं. तिच्या बरोब्बर समोर, त्यानेच टांगलेलं, मोठ्या आकड्यांचं. त्याने लिहिलं: ‘सेवार्थी दिवसातून अनेकदा वेळ विचारते. घड्याळ तिच्या समोरच असते.’ त्यानंतर पेन थांबेना. ती भिंतीकडे तोंड करून जेवते, कारण पाठीमागे कुणी आहे असं मग समजता येतं. ती रेडिओ लावते आणि आवाज बारीक करत करत जवळजवळ बंद करते, कारण कुणाला त्रास नको. तो ताट ठेवायला जातो आणि ताट उचलायला जातो, आणि या दोहोंच्या मध्ये तिचा दिवस असतो. हे सगळं आपण कधी बघितलं? त्याला आठवेना. त्याने तर तिच्याकडे बघायचं कधीच सोडलं होतं. तरी कागदावर तो सगळा तपशील असा उतरत होता जणू दुसराच कुणी रोज त्या दारात उभा राहून टिपून घेत होता. भाच्याबद्दल त्याने लिहिलं, ‘भाचा वाईट नाही. भाचा कामात आहे.’ आणि लिहून झाल्यावर त्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. ताप उतरल्यासारखं हलकं वाटलं. किती वर्षांनी त्याने एक वाक्यही न बिघडवता लिहिलं होतं, बेत न करता, माप न घेता. इतकं सुख झालं त्याला, की तो चपला घालून फिरायला बाहेर पडला आणि जाताना आत्याच्या उघड्या दारावरून गेला. आत बघितलं नाही. तीच ती चूक: अहवाल चांगला झाला होता आणि त्याने तो तसाच दिला.

आता मॅडम येणार होत्या. पदवी गेली तर चष्मेवालीची जाईल, धंदा बसला तर त्याचा बसेल, हे सगळं खरं होतं. पण त्याला धास्ती होती ती वेगळीच. आत्याला कळेल. आपल्यावर पाच भेटींचा अहवाल लिहिला, आपलं ताट, आपला रेडिओ, आपलं वेळ विचारणं असं एकेक करून विकलं, हे तिला परक्या बाईच्या तोंडून कळेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याला सगळं दिसत होतं हे कळेल. दिसत नव्हतं असं समजून ती आजवर त्याला माफ करत आली असेल, तर ते एकुलतं निमित्तही जाईल. तो खुर्चीत बसला आणि त्याच्या डोक्यात, न बोलावता, एक पुरवणी तयार होऊ लागली: ‘सेवार्थीचे अल्पशा आजाराने निधन झाल्यामुळे भेटी थांबवाव्या लागल्या. शेवटच्या दिवसांत ती शांत होती.’ कुठला शब्द चुकवायचा तेही आपोआप ठरलं. भिंतीपलीकडे आत्या खोकली, आणि त्याला स्वतःची भीती वाटली, अगदी साधी, अंधारात वाटते तशी.

तो उठून तिच्या दारात गेला. ती पलंगाच्या कडेशी असलेल्या खुर्चीवर बसून उशीचा अभ्रा शिवत होती. पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या.

“आत्या, दुपारी एक बाई येतील. कॉलेजातल्या. एक मुलगी असेल बरोबर, ती चष्मेवाली, इथे येते ना कधी कधी, ती.”

“बरं.”

“तिने अभ्यासासाठी... म्हणजे असं दाखवलंय, की ती तुला भेटायला येते. पाचदा आलीये. गप्पा मारायला.”

“बरं.” सुई आत गेली, बाहेर आली. “काय विचारतील?”

“हेच. कसं चाललंय. कोण बघतं. वेळ कसा जातो.”

“आणि मी काय सांगू?”

हा प्रश्न त्याला या खोलीच्या पलीकडे रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. संभाव्य प्रश्न, संभाव्य उत्तरं, कुठे थांबायचं, कुठे पाणी मागायचं. आत्ता मात्र, खरं सांग म्हणावं तर सत्यानाश, खोटं सांग म्हणावं तर कुठल्या तोंडाने. “तुला वाटेल ते सांग,” तो म्हणाला.

आत्याने दोरा दातांनी तोडला. “म्हणजे चांगलंच सांगायचं,” ती म्हणाली.

“भाचा दिवसा घरी नसतो असं लिहिलंय. तेव्हा मी आत बसतो. दार लावून.”

“बस,” ती म्हणाली. “तसा तू आतच असतोस.” यात टोमणा होता की नुसतं खरं होतं, ते त्याला कळलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक दमलेलं, एक घाबरलेलं. त्याने कडी लावून घेतली आणि खुर्ची भिंतीला टेकवून बसला. मॅडमचा आवाज त्याने कल्पिला होता त्याहून वयस्कर निघाला. अशा माणसांना तो ओळखून होता: वर्गात कधी न चिडणारी, आणि घरी पेपर तपासताना खरोखर वाचणारी. असा एखादा निघतो शंभरात. तोच नेमका आपल्या वाट्याला यावा!

“ये गं, आलीस?” आत्याचा आवाज आला, आणि तो चमकला. आत्या रागावली होती. “गुरुवारी येते म्हणालीस आणि दांडी मारलीस. मी वाट बघत बसले. असं करायचं नसतं म्हाताऱ्या माणसाला.”

“सॉरी, आजी,” चष्मेवाली पुटपुटली. “दुकानात गर्दी होती.”

आपल्या खोलीत कधी न आलेल्या मुलीवर आत्याने न आल्याचा राग धरला होता. पाच भेटी शाबूत ठेवायला सहावी चुकवली होती. हे त्याने कुणाला शिकवलं होतं? वाकडं असू द्या, म्हणजे खरं वाटतं. भिंतीच्या अलीकडे बसून त्याने अख्ख्या शहराच्या पोरांना शिकवलं होतं, आणि त्याची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी पलीकडे अभ्रे शिवत बसली होती.

मग तिने भाच्याचं सांगायला सुरुवात केली. मॅडमनी फार विचारलं नाही. त्या नुसत्या हं म्हणत राहिल्या, आणि हं म्हणणाऱ्यापुढे माणूस बोलत सुटतो. भाचा गुणाचा आहे. संध्याकाळी तासभर बसतो माझ्यापाशी. जेवण दोघांचं बरोबर होतं. “चिडतो कधी कधी,” आत्या म्हणाली. “मला सांगितलेलं पुन्हा विचारते ना मी, मग चिडतो. पण मग स्वतःच चहा करून आणतो. साखर जास्त घालतो, मला चालत नाही, मी पिते.” काय बोलता दोघं, असं मॅडमनी विचारलं. “मी जुन्या नोकरीतल्या गोष्टी सांगते. त्याला सगळ्या पाठ आहेत. तरी ऐकतो. मधेच चुकले तर दुरुस्त करतो, मेला.” ती हसली. त्या हसण्यात इतकी माया होती, की त्याला त्या भाच्याचा हेवा वाटला. तो साखर जास्त घालणारा, चुका दुरुस्त करणारा मेला, तो रोज संध्याकाळी इथे येत होता आणि याला त्याचा पत्ताच नव्हता. ऐकत असताना त्याला असंही वाटून गेलं, की हे तिने आज रचलेलं नाही. हे बारीकसारीक तिच्याकडे फार दिवसांपासून जमलेलं असणार; एका बैठकीत इतकं सुचत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

“छान आहे,” मॅडम म्हणाल्या. मग कपड्यांच्या घड्या सरकवल्याचा आवाज आला. त्या इतका वेळ उभ्याच असाव्यात. पलंग करकरला. “आणि ते बसतात कुठे?”

आत्याच्या खोलीत एकच खुर्ची होती. पलंगावर कायम घड्या. त्याच्याही डोळ्यांसमोर ती खोली आली, आणि तिच्यात त्याला स्वतःला बसवायला कुठेही जागा सापडेना.

“उभाच असतो,” आत्या म्हणाली. “घाईत असतो ना तो.”

मॅडमनी गुडघ्यांची चौकशी केली, औषधांची केली, अभ्र्यावरचे टाके बारीक आहेत म्हणाल्या. निघताना आत्याला म्हणाल्या, “मी पुन्हा आले तर चालेल?” आत्या म्हणाली, “या की. फक्त संध्याकाळी नको, तेव्हा तो असतो.” शेवटपर्यंत तिने त्याला सोडलं नाही.

जिन्याच्या तोंडाशी, त्याच्या बंद दारापाशी, त्या दोघी थांबल्या. “तू लिहिलंस तसंच आहे गं,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “मला वाटलं होतं, थोडं रंगवलं असशील. बिचारी किती सांभाळून घेते त्याला. जी माणसं इतकं सांभाळून घेतात ना, त्यांच्याच घरी जाऊन बघावं लागतं.”

“मग आता, मॅडम?”

“आता काय, येत राहायचं. गुणांचं झालं, गुण मिळतील तुला. पण तू येत राहा. तासभर बस, ऐक. मीही येईन जमेल तशी.”

“हो,” चष्मेवाली म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच काही बेतलेलं नव्हतं. पावलं खाली गेली.

त्याने बऱ्याच वेळाने कडी काढली. आत्या होती तिथेच होती. अभ्रा मांडीवर, हात त्याच्यावर.

“जमलं का?” तिने विचारलं.

“जमलं.”

“खुर्चीचं विचारलं तेव्हा मात्र गडबडले मी.”

“नाही गं. त्यांच्या लक्षातही आलं नाही,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्यासाठी काही रचलं होतं, ते हे.

“पोरांची एवढी तयारी करून घेतोस,” ती म्हणाली. “माझी पण घ्यायची होतीस.” तक्रार नव्हती. पुढच्या वेळी लक्षात ठेव, इतकंच. मग तिने अभ्रा बाजूला ठेवला आणि खुर्चीत सरळ झाली. “वाच की आता. काय लिहिलंयस माझ्यावर?”

नाही म्हणायला त्याच्याकडे काहीही उरलं नव्हतं. तो आपल्या खोलीत गेला, कप्प्यातून प्रत काढली, आणि उभ्याने वाचवेना म्हणून आपली खुर्चीही ढकलत आणली. उंबऱ्याशी ती अडली. उचलून आत घ्यावी लागली. दोन खुर्च्या मावल्यावर त्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, गुडघ्याला गुडघे लागले. इतक्या जवळून त्याने तिला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. कानामागे, ते जड यंत्र टेकायचं तिथे, अजूनही एक पांढुरकी खूण होती. तिने डोळे मिटून घेतले. कामावर असताना ती अशीच बसायची.

त्याने पहिलं पान उघडलं. ‘सेवार्थी दिवसातून अनेकदा वेळ विचारते’ हे वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर होतं. “सेवार्थी आपल्या भाच्याकडे राहते,” त्याने वाचायला सुरुवात केली, आणि आवाज शक्य तितका कोरडा ठेवला, अहवालाला शोभेल असा. “भाचा रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसतो. दोघांचे जेवण एकत्र होते. सेवार्थी आपल्या जुन्या नोकरीतील आठवणी सांगते, त्या भाच्याला पाठ असल्या तरी तो ऐकून घेतो.” आत्या ऐकत होती. तो कागदाकडे बघत एकेक वाक्य घडवत होता, आणि घडवताना त्याला घाम फुटला होता, कारण इतकं साधं, इतकं चांगलं लिहायची त्याला सवय नव्हती. “भाचा कधीकधी चिडतो. नंतर त्याला त्याचे वाईट वाटते.” “फार वाईट वाटते,” त्याने पुन्हा म्हटलं, आणि तो थांबला.

“पान उलटायचं राहिलं,” आत्या डोळे न उघडता म्हणाली.

त्याने पान उलटलं. तिथेही त्याच्याच अक्षरात सगळं खरं लिहिलेलं होतं. ते तो बघत राहिला आणि तोंडाने दुसरंच बोलत राहिला, डॉक्टरांचं, फिरायला नेल्याचं, खिडकी तिच्या बाजूला आणल्याचं. पाचव्या भेटीपर्यंत आला, फलित सांगितलं, आणि प्रत मिटून मांडीवर ठेवली. तिने डोळे उघडले. ती त्याच्याकडे इतकी शांतपणे बघत होती की नजर चुकवायचंही त्याला सुचलं नाही.

“चांगलं आहे,” आत्या म्हणाली. “पण असं लिहिलं असतंस, तर ती बाई आली नसती.”